घरच्या सोलरला दुसरी बॅटरी जोडताना : एप्रिल ते जुलै २०२४ च्या नोंदी

गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. २०२२ च्या दिवाळीत बसवलेला सोलर आहे : ५४० वॅटचे ६ पॅनेल, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची लाइट तिन्हींवर चालणारा) आणि एक लिथियम बॅटरी, ५१.२ व्होल्ट १०० एएच. म्हणजे भरली की ५ युनिटच्या जरा वर. बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची आहे. एका बॅटरीला पुढे आणखी मॉड्यूल, म्हणजे तसेच बॅटरीचे डबे, जोडता येतात असं घेतानाच सांगितलं होतं, त्यावर विसंबून हे काम काढलं. कंपन्यांची नावं लिहीत नाही. ज्या अडचणी आल्या त्या कुठल्याही कंपनीच्या मालाला येतील अशाच आहेत.

१४ एप्रिल, रविवार

गुरुवारी रात्री वावटळ सुटली, पाठोपाठ अवकाळी. सव्वाआठला लाइट गेली. गावाबाहेर दोन खांब आडवे झाले होते ते सकाळी कळलं. पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि पाच मिनिटांत घर अंधारात. आबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यामुळे त्यांना रात्रभर ते लागतं. उशाशी लहान सिलिंडर भरून ठेवलेलं होतं म्हणून निभावलं, पण अंधारात रेग्युलेटर बसवताना माझे हात थरथरत होते. लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

जनरेटरचा विचार केला आणि सोडला. ज्याच्या छातीसाठी हे सगळं चाललंय त्याच्या खिडकीखाली डिझेलचा धूर नको.

१८ एप्रिल

आधी मोजायचं ठरवलं. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर ७५० रुपयांना मिळतं, ते माझ्याकडे होतंच. त्यावर एकेक वस्तू चालवून पाहिली. ऑक्सिजनचं मशीन लेबलवर ३५० वॅट म्हणतं, प्रत्यक्षात ३१० घेतं. कूलर १६५. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे २८ चे दोन. फ्रिज बारा तासांत अर्ध्या युनिटच्या जरा वर. इन्व्हर्टर काही न चालवताही स्वतःच ५५ वॅट खातो, हे मात्र मला दीड वर्षात माहीत नव्हतं. बारा तासांचे ते पाऊण युनिटच्या जरा खाली जातात.

सगळं धरून उन्हाळ्यातल्या रात्रीला, संध्याकाळी ७ ते सकाळी ७, पावणेसात युनिट लागतात. बॅटरीच्या अ‍ॅपमध्ये तिची तब्येत (नवी असतानाच्या मानाने उरलेली क्षमता) ९४ टक्के दिसते, आणि शेवटचे १० टक्के आपण वापरत नाही. म्हणजे हातात सव्वाचार ते साडेचार युनिट. पहाटे पावणेचारला ती का संपली याचा हिशोब बरोबर जुळला. दुसरं मॉड्यूल घेतलं की रात्र निघते, तिसऱ्याची गरज नाही.

शेजारच्या दोघांनी विचारलं, सरकारी अनुदान मिळेल का. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सोलरला ३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८ हजार मिळतात, पण ते पॅनेलच्या क्षमतेवर. बॅटरीचा खर्च आपलाच.

२२ एप्रिल

मॉड्यूल सांगितलं. ८४ हजार, जीएसटी धरून. इथे माझी पहिली चूक झाली. मी शिक्षक आहे, २६ ला आमच्याकडे मतदान, त्यामुळे निवडणुकीचं प्रशिक्षण आणि ड्युटी डोक्यावर होती. प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत दुकानदाराला फोन केला आणि नुसतं "४८ व्होल्ट १०० एएच" एवढंच बोललो, कारण सगळे तसंच बोलतात. जुन्या बॅटरीच्या पाटीचा फोटो पाठवायला हवा होता.

३० एप्रिल

माल परभणीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात आला. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, खोक्यावर यूएन ३४८० चा शिक्का असतो. दोन कुरिअरवाल्यांनी नाही म्हटलं, ट्रान्सपोर्टनेच आणावी लागते. टेम्पो करून घरी आणली, खोकं उघडलं, पाटी वाचली : ४८.० व्होल्ट.

एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा. १५ सेल लावले की ४८ होतात, १६ लावले की ५१.२. बाजारात दोन्हींना "४८ व्होल्टची बॅटरी"च म्हणतात. माझी जुनी १६ सेलची आहे आणि ५६.८ व्होल्टपर्यंत भरते. तेवढेच व्होल्ट १५ सेलवर पडले तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास ३.८ येतात आणि सेलची हद्द ३.६५ आहे. ही दोन कधीच एकत्र जोडता येत नाहीत. वायरमन म्हणाला, "सर, तीन व्होल्टानं काय होतंय?" त्याला कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा पटलं.

परत पाठवली. जाण्याचं भाडं १,४०० आणि नवीन येण्याचं १,४००, दोन्ही माझ्या खिशातून. दुकानदाराने बदलून द्यायला मान्य केलं हेच पुष्कळ.

९ मे

बरोबर मॉड्यूल आलं. १६ सेल, ५१.२ व्होल्ट. मात्र २०२२ चं मॉडेल बंद झालंय, ही त्याचीच पुढची आवृत्ती आहे. डबा दीड इंच खोल, पोर्टांची जागा वेगळी. वजन ४५ किलोच्या आसपास, दोघांनी उचलायचं, एकट्याने नाही.

१२ मे, रविवार

आजचा दिवस वाया गेला, आणि तो माझ्या घाईने.

दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर त्यांचे व्होल्ट आधी सारखे हवेत, एवढं माहीत होतं. सकाळी ७ ला मोजलं : जुनी ५२.५, नवी ५२.७. अगदी जवळ. वायरमनला ८ ला बोलावलं होतं, तो लग्नाच्या मांडवाच्या कामात अडकला आणि दीड वाजता आला. "सकाळीच मोजलं ना सर, आता काहून थांबायलाव?" मलाही तसंच वाटलं. केबल जोडल्या, नव्या मॉड्यूलचा ब्रेकर वर केला. खट्ट आवाज, लाल दिवा, बझर.

सकाळपासून पॅनेल जुन्या बॅटरीला भरत होते. दीड वाजता तिच्यावर ५४.९ व्होल्ट होते. नवी तिथेच, ५२.७. सव्वादोन व्होल्टच्या फरकाने जुनीचा करंट नव्यात लोटला गेला आणि वरून पॅनेलचा चालूच होता. बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या सर्किटने, ओळखून दार बंद केलं म्हणून नुकसान झालं नाही. नवी बंद करून पंधरा मिनिटांनी चालू केली, ती ठीक आहे.

जोडण्याच्या क्षणी मोजायचं, पॅनेल आणि लाइट दोन्ही तोडून. सकाळचं माप दुपारी चालत नाही.

१३ आणि १४ मे

सारखं करण्याची पद्धत कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितली : दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरायच्या, मग जोडायच्या. अर्धवट भरलेल्या असताना व्होल्ट जुळवण्यात अर्थ नाही. एलएफपीचे व्होल्ट मधल्या भागात हलतच नाहीत. ३५ टक्के आणि ६५ टक्के यांच्यात मीटरला नाममात्र फरक दिसतो. दोन हौदांतली पाण्याची पातळी डोळ्यांना सारखी दिसावी आणि एक निम्माच असावा तसं. शंभर टक्क्यांना मात्र व्होल्ट झपकन वर चढतात, तिथे फसगत होत नाही.

१३ ला जुनी सोडवून नवी एकटी इन्व्हर्टरला लावली. साडेआठपासून साडेबारापर्यंत भरली. दोन तास तशीच ठेवली. १४ ला जुनी तशीच भरली, तशीच ठेवली. मग पॅनेलचा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) खाली, लाइटचा एमसीबी खाली, मीटर लावला : ५३.९ आणि ५४.०. जोडल्या. क्लॅम्प मीटरवर (केबलभोवती धरून करंट मोजणारा) ४ अँपिअर दिसले आणि काही मिनिटांत शून्यावर आले.

या दोन दिवसांत आबांचं मशीन चेंजओव्हर स्विचने थेट लाइटवर ठेवलं होतं. १३ ला दुपारी चाळीस मिनिटं लाइट गेली, तेवढा वेळ सिलिंडर. ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांनी काम दिवसाच करावं, घरात एक माणूस फक्त त्यांच्यापाशी बसवावा आणि सिलिंडर आधी भरून आणावा. माझ्या धाकट्या भावाने हे काम केलं म्हणून मी निवांत हात चालवू शकलो.

१५ मे

दोन्ही जोडल्या, पण इन्व्हर्टरला एकच दिसते. स्क्रीनवर चार्जची हद्द ५० अँपिअर, दोन असतील तर १०० दिसायला हवी.

बॅटऱ्यांना आपापसात बोलायला वेगळी केबल असते आणि प्रत्येकीला पत्ता द्यावा लागतो, मागच्या बारीक बटनांनी. बॅटऱ्यांत एक मास्टर असते, तीच इन्व्हर्टरशी बोलते, बाकीच्या तिच्यामागे. मी साहजिकच जुनीला मास्टर ठेवलं होतं. अर्धा दिवस केबल काढ-घाल करण्यात गेला. फोनवर कळलं की जुनीचं सॉफ्टवेअर २०२२ चं आहे, तिला नवीची भाषा कळत नाही. नवीला जुनी कळते. मग नवीला मास्टर केलं, जुनीला दुसरा पत्ता दिला, दोन्ही बंद करून पुन्हा चालू केल्या. पत्ता बदलल्यावर बंद-चालू केल्याशिवाय तो लागू होत नाही, यातही तासभर गेला होता.

आता इन्व्हर्टर बॅटरीच ओळखेना. नव्या मॉड्यूलवर सारख्याच दिसणाऱ्या चार जागा आहेत, एक कॅनची, एक आरएस४८५ ची (माहिती पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती), दोन आपापसात जोडायच्या. मी केबल आरएस४८५ मध्ये घातली होती. कॅनमध्ये घातली आणि १०० अँपिअर दिसले. संध्याकाळचे सात वाजले होते. माय दोनदा जेवायला बोलावून गेली.

१७ मे

पाणी तापवायचे १५०० वॅटचे दोन रॉड दोन बादल्यांत टाकले आणि क्लॅम्प मीटर घेऊन बसलो. एकूण ६१ अँपिअर. जुनीतून ३९, नवीतून २२.

इन्व्हर्टरच्या जाड केबल जुनीवर होत्या आणि तिथून पुढे नवीला १६ चौरस मिमीची मीटरभर केबल साखळीसारखी जोडली होती. नवीच्या वाटेत जास्त अडथळा, म्हणून जुनीवर जास्त ओझं. आधीच दीड वर्ष राबलेली बॅटरी आणखी झिजवायची आणि नवी आरामात ठेवायची, असं चाललं होतं. १६ ची केबल ९०० रुपयांची, ती बाजूला टाकली.

परभणीहून तांब्याच्या दोन पट्ट्या आणल्या, २५ बाय ५ मिमीच्या, खाली इन्सुलेटर. बसबार. प्रत्येक बॅटरीपासून बसबारपर्यंत ३५ चौरस मिमीची केबल, चारही तुकडे मोजून सारख्या लांबीचे, जवळच्या बॅटरीलाही तेवढीच लांब, उरलेली वळवून बांधली. इन्व्हर्टरची प्लस एका टोकाला, मायनस दुसऱ्या टोकाला. केबल आणि लग (केबलच्या टोकाला बसणारे धातूचे जोड) ३,९०० आणि बसबार १,३५०. पुन्हा रॉड टाकले : ३२ आणि २९. जुनी-नवीत एवढा फरक राहणारच.

प्रत्येक मॉड्यूलच्या प्लसवर १२५ अँपिअरचा स्वतंत्र एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज बसवला, दोघांचे होल्डरसकट २,६००. वायरमनने आधी तिथे बसवायला घरातला साधा ६३ अँपिअरचा एमसीबी काढला होता. तो एसीचा, म्हणजे घरच्या लाइटचा. एसीचा करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीचा, म्हणजे बॅटरीचा, येत नाही, ठिणगी तशीच धरून राहते आणि एमसीबी आतून जळतो. ज्या वस्तूवर डीसीचे व्होल्ट छापलेले नाहीत ती बॅटरीला लावायची नाही, यावर मी अडून बसलो. तो थोडा नाराज झाला, पण दुसऱ्या दिवशी आला.

१९ मे

रॉडवर अर्धा तास चालवून सगळे जोड इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले. सात जोड ४४ ते ४७ अंश. एक ७१. तो लग हातोडीने ठोकून बसवलेला होता, वायर आत हलत होती. लगांवर हातोडी चालवणं आपल्याकडे सर्रास आहे, आणि १० अँपिअरला ते खपतंही. ६० ला नाही. सेलूतल्या एका ठेकेदाराकडून हायड्रॉलिक क्रिम्पर दिवसभरासाठी आणला आणि आठही लग नव्याने दाबले. सगळे ४५ च्या आत. हे आधी केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

२३ मे

बाहेर ४३ अंश. दुपारी तीनला चार्जची हद्द १०० वरून ४० वर आलेली दिसली. मला वाटलं केबल ढिली झाली. अ‍ॅप उघडलं तर सेलचं तापमान ४८. बॅटऱ्या जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत आहेत, पॅनेलच्या जवळ म्हणून बसवणाऱ्यांनी तिथे ठेवली होती. खोलीत थर्मामीटर ठेवला : साडेचारला ४६.

एलएफपी ४५ अंशाच्या पुढे भरायला कुरकुरते आणि रोज एवढ्या तापात ठेवली तर आयुष्य कमी होतं. दीड वर्षात ६ टक्के तब्येत घसरली त्यात दोन उन्हाळ्यांचा वाटा नक्की आहे. त्या खोलीत एक्झॉस्ट लावला तरी ४३ ची हवा आत घेऊन तो काय थंड करणार? जागाच बदलायला हवी.

२५ मे

घराच्या मागच्या अंगाला आजोबांच्या वेळचं माळवद आहे. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. आता त्यात पेंड आणि जुनी भांडी असतात. तोच थर्मामीटर तिथे ठेवला. बाहेर ४३ असताना आत ३४. आबा म्हणाले, "आम्ही उगं राहिलोत का त्यात इतकी वर्षं?"

जिन्यापासून माळवद ९ मीटर. वायरमन म्हणाला बॅटऱ्या खाली नेऊ, इन्व्हर्टर वरच राहू द्या, मधे लांब केबल टाकू. मी हिशोब केला. ५१ व्होल्टवर १०० अँपिअर वाहतात. ३५ ची केबल जाऊन-येऊन १८ मीटर झाली की जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, ९० वॅट फुकट उष्णतेत. पॅनेलकडून येणारी वीज मात्र २४६ व्होल्ट, १३ अँपिअर. तीच १८ मीटर ४ चौरस मिमीच्या वायरने नेली तरी घट १ व्होल्टच्या आसपास, २४६ मध्ये. म्हणून बॅटरीची केबल आखूड ठेवायची आणि लांबायची ती पॅनेलची. इन्व्हर्टरही खाली येणार.

२७ मे ते २ जून

सात दिवस गेले, तीन वायरमनचे आणि उरलेले गवंडीकाम व वेल्डिंगचे.

२१ मार्चला सकाळी हिंगोलीकडे ४.५ रिश्टरचा भूकंप झाला होता, आमच्याकडे भांडी वाजली होती. त्यामुळे ९० किलोचा भार नुसता एकावर एक रचून ठेवायला मन धजेना. माळवदाची भिंत दगडमातीची, तीत अँकर धरत नाही, ओढला की माती गळते. म्हणून जमिनीत काँक्रीटचा चौथरा ओतला आणि अँगलचा रॅक त्याला अँकर बोल्टने जखडला. रॅक ४,२०० रुपये.

वर लाकडी तुळया आहेत म्हणून रॅकच्या मागे आणि वर सिमेंटची शीट लावली, वरची उताराची. माळवदातून माती रोज थोडी गळतच असते, ती इन्व्हर्टरच्या पंख्यांत जाऊ नये हाही हेतू. चौथरा आणि शीट मिळून २,९००. पेंडीची पोती दुसरीकडे हलवली. दिवाबत्तीचं रॉकेल त्या खोलीत होतं, ते पहिल्यांदा बाहेर काढलं. वायरी, पाइप, आयसोलेटर मिळून ५,३००. वायरमनची मजुरी ३,६००. रॅक आणि इन्व्हर्टर दोन्ही जुन्या अर्थिंगला जोडले, खड्ड्यात पाणी घातलं.

हलवण्याआधी दोन्ही पुन्हा पूर्ण भरल्या. जोडताना फरक ०.०५ व्होल्ट.

५ जून

आता नवी १०० टक्के दाखवते आणि जुनी ८३. दोन्हींचे व्होल्ट तर एकच आहेत, जोडलेल्याच आहेत. घाबरून फोन केला. टक्के हा बीएमएसचा जमाखर्च असतो, किती गेलं किती आलं याचा. वेगवेगळ्या दिवशी बंद-चालू झाल्याने खतावणी चुकली. शिवाय नव्या मॉड्यूलमधला एक सेल बाकीच्यांच्या पुढे पळत होता, ३.६४, तर सगळ्यात मागचा ३.४६. पुढचा सेल हद्दीला टेकला की बीएमएस भरणं थांबवतं आणि बाकीचे अर्धपोटी राहतात.

चार्जचे व्होल्ट ५६.८ वरून ५६.० केले आणि तिथे रोज दोन-तीन तास धरून ठेवलं. हळू भरल्याने बीएमएसला पुढच्या सेलमधलं जास्तीचं काढून टाकायला वेळ मिळतो. पाच उन्हाचे दिवस लागले. सेलमधला फरक १८० मिलिव्होल्टवरून ३० वर आला आणि दोन्हींचे टक्के जुळले. मग परत ५६.८ न करता ५६.४ वरच ठेवलं. मोजलं तर साठ्यात नाव घेण्यासारखी घट नाही.

११ जून

मिरगाचा पहिला जोराचा पाऊस. रात्री टॉर्च घेऊन माळवदात गेलो तर रॅकपासून हातभर अंतरावर ठिबकत होतं. दोन वर्षं वर माती टाकली नव्हती. सकाळी भाऊ आणि मी वर चढलो, ताडपत्री अंथरली आणि पाऊस उघडल्यावर चार पाट्या पांढरी माती टाकून चोपली. रॅकमध्ये सगळ्यात खालच्या मॉड्यूलखाली शहाबादी फरशीचे तुकडे रचून ते जमिनीपासून फूटभर वर घेतलं. ही माती उन्हाळ्यातच टाकायला हवी होती. गारव्यासाठी माळवद निवडलं आणि ते गळतं हे विसरलो.

१६ जून, रविवार

परीक्षा. संध्याकाळी ७ ला लाइटचा एमसीबी स्वतःहून खाली केला. बॅटऱ्या १०० टक्के. मशीन, पंखे, फ्रिज, टीव्ही, थोडा वेळ कूलर. मी उशाला मोबाइल घेऊन दर दोन तासांनी उठत होतो. १ वाजता ६९ टक्के. ४ वाजता ५३. सकाळी ७ ला ४० टक्के उरले. एकूण ५.९ युनिट गेले.

पहाटे पावणेचारला मी जागाच होतो. मशीनचा आवाज चालू होता.

खर्चाची बेरीज आज केली : सगळं मिळून १ लाख ११ हजार ५५०. त्यातले ३,७०० निव्वळ माझ्या चुकांचे, परतीचं-येण्याचं भाडं आणि बारीक केबल. दिवस मात्र चुकांनी जास्त खाल्ले. १४ एप्रिल ते १६ जून धरले तर दोन महिने, आणि नीट केलं असतं तर पंधरा दिवसांचं काम आहे.

१० जुलै

सकाळी सव्वासातला पुन्हा भूकंप, केंद्र हिंगोली जिल्ह्यातच, ४.५. शाळेची तयारी चालू होती, सगळे अंगणात आलो. आबांना बाहेर आणून माळवदात गेलो. रॅक तसाच उभा, वरच्या शीटवर बरीच माती पडलेली. बोल्ट पान्याने तपासले, एकही ढिला नाही. बसबारचे जोडही पुन्हा आवळून पाहिले.

१८ जुलै

रात्री २ ला इन्व्हर्टरवर बीएमएसची त्रुटी. लाइट चालू होती म्हणून घरात काही बंद पडलं नाही. बॅटरीकडून बोलणं थांबलं की आमचा इन्व्हर्टर बॅटरी सोडून देतो. बघितलं तर उंदराने कॅनची केबल कुरतडलेली. जिन्यावर उंदीर नव्हते, माळवदात आहेत. नवी केबल पीव्हीसी पाइपातून घातली, पाइपाची दोन्ही टोकं सिमेंटने बुजवली, आणि एक तयार केबल रॅकलाच बांधून ठेवली. केबल तुटली तरी व्होल्टवर चालू राहायची सेटिंग आहे, ती सुरू करायचा मोह झाला. केली नाही. बीएमएस बोलत नसताना दहा युनिटचा साठा भरत राहणं मला घरात नको. लाइट नसताना तुटली तर सिलिंडर आहे.

२१ जुलै

चार दिवस आभाळ. उन्हाळ्यात हे सहा पॅनेल १३-१४ युनिट देत होते, या आठवड्यात रोज ५-६. दिवसाचा वापर जाऊन बॅटरीत उरतं काय? साठा दुप्पट केला, पण भरणारा हात तेवढाच राहिला. सध्या बॅटरी ७० टक्क्यांच्या खाली गेली की लाइटवरून भरायची सेटिंग केली आहे, म्हणजे शेवटचे १० टक्के सोडून वादळाच्या रात्रीला सहाएक युनिट हाताशी राहतात आणि पावसाळ्यातली रात्र त्यात निघते. इन्व्हर्टरला आणखी चार पॅनेल झेपतात, ते सोयाबीन घरात आल्यावर बघू.

सिलिंडर आज पुन्हा भरून आणला. तो आबांच्या उशाशीच राहणार आहे. रेग्युलेटर आता बसवूनच ठेवलाय आणि मायला, भावाला, दोघांनाही अंधारात उघडून दाखवायला लावला.